हात आडवा घातला की थांबायचं

तीस वर्षं मी विशेष शिक्षिका म्हणून काम केलं. म्हणजे नेमकं काय केलं, हे माझ्या सख्ख्या जावेला अजून कळलेलं नाही. घरी कुणी आलं की ती सांगते, "आमची ही मुक्या मुलांना शिकवायची." सुरुवातीला मी तिला दुरुस्त करायची, नंतर सोडून दिलं. आमच्याकडे येणारी मुलं मुकी नव्हती, बहिरी नव्हती, वेडी तर मुळीच नव्हती. ऑटिझम असलेली मुलं. मराठीत स्वमग्न म्हणतात. तो शब्द मला कधी फारसा पटला नाही. ही मुलं काही समाधी लावून बसलेली नसतात. उलट सगळं जग एकदम त्यांच्या अंगावर येत असतं. पंख्याची घरघर, सदऱ्याच्या कॉलरमागचं टोचणारं लेबल, फोडणीचा ठसका, चार माणसांचं एकाच वेळी बोलणं. आपण यातलं निम्मं गाळून टाकतो, त्यांना ते गाळता येत नाही. मग ती कान झाकतात, गोल फिरतात, किंचाळतात, आणि शेजारीण म्हणते, लाडावून ठेवलंय.

आमचं केंद्र कोल्हापुरात, एका शाळेच्या मागच्या तीन खोल्यांत होतं. मुलं यायची दोन तासांसाठी. उरलेले बावीस तास ती घरी. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी आईबापांना सांगून टाकायची की मुलाला मी शिकवणार नाही, तुम्ही शिकवणार आहात, मी तुम्हाला शिकवणार. यावर बरेच बाप घड्याळाकडे बघायचे.

घरच्यांना शिकवताना सगळ्यात कठीण धडा कोणता? कमी बोलण्याचा. ह्या मुलांना शब्द पोचायला वेळ लागतो. प्रश्न एकदाच विचारायचा आणि मनात दहा आकडे मोजत गप्प बसायचं. आता कोल्हापूरच्या माणसाला दहा आकडे गप्प बसवून दाखवा. इथं पोराला "पाणी पायजे का?" विचारलं की त्यानं तोंड उघडायच्या आत आजी म्हणणार "पायजे की", आत्या म्हणणार "आत्ताच पिलाय", आणि आजोबा तांब्या घेऊन हजर. सगळे प्रेमानंच करतात. त्या प्रेमाच्या गलक्यात पोराचं उत्तर राहूनच जातं.

पण आज मला जी गोष्ट सांगायची आहे ती "नको" शिकवण्याची आहे. ती सांगण्याआधी माझी एक चूक सांगावी लागेल.

प्रसाद हा माझा जुना विद्यार्थी. सहाव्या वर्षी आला तेव्हा एका जागी क्षणभर ठरायचा नाही. मी आठ वर्षं खपले. ये, बस, दे, थांब, उचल, ठेव. एकेक शब्द घोटून घेतला. पुढे चोविसाव्या वर्षी तो कागलच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागला. केंद्रात मी पेढे वाटले. काही महिन्यांनी त्याचे वडील भेटायला आले आणि कौतुकानं सांगू लागले, "बाई, पोरगं किती ऐकतंय बघा. परवा सुपरवायझर म्हणाला, हितं हुबा ऱ्हा, आलोच. आन् इसरला की गडी! जेवणाची सुट्टी झाली, च्याची झाली. परसाद आपला तिथंच. सांजच्याला शिफ्ट सुटताना घावला. पँट वलली झालती, पर जागा सोडली न्हाय."

ते हसले. मीही त्यांच्याबरोबर हसले. घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. आठ वर्षं मी त्या मुलाला "हो" शिकवलं होतं. जो सांगेल त्याचं ऐकायचं, म्हणजे शहाणा मुलगा. पायात गोळे आले, लघवी लागली, भूक लागली, आणि तरी ह्याला "मला आता पुरे" म्हणता येत नव्हतं, कारण त्याच्या बाईंनी ते शिकवलंच नव्हतं. मी कानाला खडा लावला. यापुढे मूल कुठलंही असो, पहिला धडा "पुरे"चा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आरोही आली.

पेठ वडगावजवळच्या एका खेड्यातली, सहा वर्षांची. घरी शेती आणि चार म्हशी. बरोबर आई सुप्रिया, वडील सचिन, आणि सचिनचे वडील, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. आप्पांचा आवाज असा की ते दूध संस्थेत बोलले तर घरी आक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, किती लिटर भरलं ते कळायचं. आरोही एकही शब्द बोलत नव्हती. आणि तिच्या डाव्या हाताला, अंगठ्याखाली, बँडेज होतं.

ती स्वतःचा हात चावायची. नुसता दातात धरायची नाही, रक्त येईपर्यंत चावायची. तिथली कातडी टाचेसारखी जाड झाली होती आणि त्या जाड कातडीवरही नवी जखम होती. दिवसातून सात-आठ वेळा तरी. वेणी घालताना, आंघोळीला, पाहुणे आले की, आणि सगळ्यात जास्त जेवताना.

सचिन वडगावात खतं-बियाणांच्या दुकानात कामाला होता. तो खुर्चीवर बसलाच नाही, दाराशी उभा राहून बोलला. "बाई, मी खरं सांगतो. ऱ्हायाची सोय आसल्याली शाळा हाय एक, लांब. फॉर्म आणलाय मी. जूनपास्नं घेत्यात. मी बाप हाय वो, पर मला बघवत न्हाय. दुकान बंद केल्यावर घराकडं पाय उचलत न्हाईत."

सुप्रिया खाली मान घालून बँडेजची सुटलेली पट्टी बसवत होती. आप्पा म्हणाले, "यात्रा हुईपतोर थांब म्हटलंय मी ह्याला. ह्या यात्रंला तरी पोरगी घरात पायजे. तवर बाई काय करत्यात ते बघू. मग तुझा फॉर्म हायच की."

गावच्या यात्रेला साडेतीन महिने होते. राहण्याच्या शाळा वाईट असतात असं मी म्हणणार नाही. काही घरांना तोच एक आधार असतो. पण जिला कुठं दुखतंय एवढंही सांगता येत नाही अशी सहा वर्षांची पोर अनोळखी माणसांत सोडायची, हा विचार मलाच सोसेना, मग त्या आईचं काय होत असेल! तिनं त्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला. "बाई, ती चावायची थांबंल का?"

चावणं हे त्या पोरीचं बोलणं होतं. हे एकदा समजलं की आमचा निम्मा धंदा समजला. वेणी ओढली जातेय, सहन होत नाही, पण "पुरे" म्हणता येत नाही. हात चावला की आई घाबरून कंगवा टाकते. म्हणजे चावणं लागू पडतं. आता "चावू नको" म्हणून ओरडण्यात काही अर्थ नाही. तिची एकच भाषा आपण काढून घेऊ, देणार काय? चावण्यापेक्षा सोपी आणि चावण्याइतकीच हमखास लागू पडणारी दुसरी खूण द्यायची. ती पोरीनं केली रे केली की समोरच्यानं त्या क्षणी थांबायचं. एकदाही चुकायचं नाही.

खूण कुठली द्यायची यावर मी दोन दिवस विचार केला आणि स्वतःवर खूष होत एक शोधली. पंगतीत ताटावर हात आडवा धरतो ना आपण, पुरे म्हणून? तीच. तळवा खाली, बोटं सरळ. म्हटलं, चित्रांची कार्डं हरवतात, फाटतात. हा हात पोरीबरोबर जन्मभर राहील, आणि गावात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

शिकवायला दोन माणसं लागतात. एक समोर, एक मागे. मी समोर बसून कंगवा फिरवायची. दोनदा फिरवला की आरोही चावण्याच्या बेताला यायची. त्याच्या किंचित आधी मागे बसलेली सुप्रिया तिचा उजवा हात हलकेच धरून आडवा करायची. मी लगेच "पुरे" म्हणून कंगवा खाली ठेवायची. पुन्हा कंगवा, पुन्हा हात, पुन्हा "पुरे". बघणाऱ्याला वाटेल या दोन बायकांना उद्योग नाही. तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी मी कंगवा उचलला आणि सुप्रियानं हात लावायच्या आत आरोहीचा तळवा आडवा झाला. आपला आपण. मी कंगवा इतक्या घाईनं टाकला की तो कपाटाखाली गेला. सुप्रिया पोरीच्या पाठीमागे तोंडात पदर कोंबून रडत होती, कारण आवाज करायचा नाही हे तिला मीच बजावलं होतं.

केंद्रात चावणं कमी झालं आणि घरी वाढलं.

दर आठवड्याला आरोहीच्या हाताला नवं बँडेज दिसायचं. मी सुप्रियाला विचारायची, घरी खूण पाळता ना? ती म्हणायची, व्हय बाई. मग असं कसं? माझा अनुभव मोठा, त्याहून तोंड मोठं. एके दिवशी मी तिला सगळ्यांसमोर फाडफाड बोलले. तू मोबाइलमध्ये असतेस का, पोरीकडे लक्ष नाही का, मी एकटी काय करू. तिनं पिशवी उचलली. जाताना एवढंच म्हणाली, "एकदा घराकडं या बाई. जेवायलाच या."

रविवारी गेले. अंगणात पाट मांडले होते. आरोही आप्पांशेजारी, मी समोर, आक्का वाढायला. झुणका, भाकरी, आमटी, दही. आक्कांच्या हाताला चव अशी की मी नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली. आक्का आमटी घेऊन पुन्हा आल्या तेव्हा खरोखर पोटात जागा नव्हती. मी वाटीवर हात आडवा धरला. "पुरे आक्का."

"आवो घ्या की! लाजताय काय?" आणि गरम आमटी माझ्या बोटांवरून वाटीत. बांगड्यांतून ओघळ कोपरापर्यंत आला. सगळे हसले. मीही हसले, आपल्याकडे हसायचंच असतं. एक सुप्रिया तेवढी हसली नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "आता कळलं न्हवं बाई?"

तिकडे आरोहीनं ताटावर हात आडवा केला होता. आप्पा तो हात प्रेमानं बाजूला करून घास तिच्या तोंडाशी नेत होते. "येक घास आप्पाचा, खा की गं माझी बाय." तिनं पुन्हा हात आडवा केला. त्यांनी पुन्हा बाजूला केला. तिसऱ्यांदा हात आडवा झाला नाही, डावा हात तोंडात गेला.

जन्म माझा कोल्हापुरातला. आडवा हात म्हणजे "आणखी आग्रह करा" हे मला माहीत नव्हतं? माझ्या घरी मी स्वतः पाहुण्यांच्या बोटांवर रस्सा ओतलाय. ज्या खुणेला सबंध जिल्ह्यात कुणी जुमानत नाही, नेमकी तीच मी त्या पोरीच्या हातात दिली होती. ती बिचारी दिवसातून वीस वेळा व्यवस्थित "पुरे" म्हणत होती आणि घरातली जीव लावणारी माणसं वीस वेळा तिला शिकवत होती की म्हणून उपयोग नाही, चावच. आणि बोलणी खाल्ली सुप्रियानं. मी तिथल्या तिथं सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. बोलले होते तेही सगळ्यांसमोरच.

जेवणं झाल्यावर मी घरच्यांना बसवून सगळं उलगडून सांगितलं. आक्का दुखावल्या. "म्हंजे नातीला उपाशी ठिवू व्हय मी? आन् हात आडवा घातला म्हून वाढायचं थांबलं तर लोक काय म्हंतील? चिकट घर म्हंतील."

मी म्हटलं, चूक माझी आहे, खूण बदलू. दुसरी काहीतरी देऊ, चित्राचं कार्ड देऊ.

आप्पांनी आपलाच तळवा आडवा धरून पाहिला. ते गप्प बसले की घरातली मांजरंसुद्धा दचकायची. मग म्हणाले, "खूण कशाला बदलायची? तीन आठवडं घालून शिकलीया पोरगी. तिला जमलंया ते. जमंना झालंया ते आपल्याला. तवा आपुन बदलू की."

माझ्या सबंध नोकरीत एवढं शहाणं वाक्य मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलं नाही.

त्या दिवसापासून त्या घरात नियम झाला. हात आडवा घातला की थांबायचं. फक्त आरोहीसाठी नाही, सगळ्यांसाठी, कारण ती बघत असते. पुढचा महिना त्या घरानं जे सोसलं ते मला सुप्रिया सांगायची आणि मी पोट धरून हसायची. आप्पांना दुसऱ्या भाकरीनंतर सवयीनं हात आडवा घालायची खोड, मग आक्का आग्रह करायच्या, मग तिसरी भाकरी. आता आक्का थांबल्या. आप्पा दोन दिवस अर्धपोटी उठले आणि तिसऱ्या दिवशी ओरडले, "आगं, वाढ की!" आक्का म्हणाल्या, "हात कुणी आडवा घातला? आता बसा." शेजारीण चहाला आली, "नको नको" म्हणत हात आडवा केला आणि चहा न मिळता परत गेली. दोन आठवडे अबोला धरला तिनं.

हसण्यासारखं सगळंच नव्हतं. आंघोळीच्या पहिल्याच तांब्याला आरोही हात आडवा करायची आणि थांबावं लागायचं. आक्का कळवळायच्या, "पोरगी पारोशी ऱ्हाती वो बाई." मी म्हणायची, राहू दे. आधी तिचा विश्वास बसू दे की आपलं ऐकलं जातं. तो बसला की मग "आणखी एक तांब्या, मग पुरे" असं हळूहळू वाढवता येतं. औषध आणि रस्त्यावरची गाडी सोडून सगळीकडे तिचं "पुरे" चालायचं. बाहेरून बघणाऱ्याला हे लाड वाटतात. करून बघावेत. माझ्या स्वतःच्या घरी मी चार दिवस प्रयत्न केला, पाचव्या दिवशी जावेच्या ताटात पुरणपोळी टाकलीच.

आक्कांनी मात्र साठ वर्षांची सवय मोडली. वाढायला पुढं झालेला हात त्या दुसऱ्या हातानं मागे ओढायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन महिन्यांत आरोहीच्या हातावरचं बँडेज गेलं. जखम वाळली. एखाद्या दिवशी चावायची, पण एखाद्याच. सचिन मात्र म्हणायचा, "घरात ठीक हाय. घरात आपुन सगळी तिच्या तालानं चालतोय. भाईरचं जग चालणार हाय व्हय? यात्रंला बघू." आणि ते खरं होतं. फॉर्म भरून तयार होता, पाठवायचा तेवढा बाकी होता.

यात्रेला मला आवतण होतं. आमच्याकडची यात्रा म्हणजे घरोघर पाहुण्यांचा पूर, दुपारी बारापासून पंगतीवर पंगत. मागच्या दोन यात्रांना सुप्रिया आरोहीला घेऊन माहेरी जायची, म्हणजे तिला पाठवलं जायचं. या वेळी ती म्हणाली होती, मी जाणार न्हाय, पोरगी पंगतीत बसंल. आम्ही तयारी केली होती. पंगत कशी असते त्याचे फोटो तिला आठवडाभर दाखवले होते, भिंतीकडेची जागा ठरवली होती, कानाला आवाज कमी करणारे हेडफोन होते, मागची खोली मोकळी ठेवली होती. आप्पांनी एकेका पाहुण्याला फोन करून नियम सांगितला होता. सगळे "व्हय व्हय" म्हणाले होते.

आक्कांचे भाऊ कबनूरहून आले. त्यांना सगळे मामा म्हणायचे. चाळीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढल्यानं त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. प्रेमळ माणूस. आल्या आल्या पांढऱ्या रश्श्याची बादली उचलली आणि वाढायला सुरुवात केली. बहिणीच्या घरचं कार्य, भावानं वाढायचं नाही तर कुणी?

आरोही भिंतीकडेला भात-रस्सा खात होती. शांतपणे, आपल्या हातानं. मी समोरच्या ओळीत होते आणि माझं ताट जसंच्या तसं होतं. मामा तिच्यापाशी आले. तिनं वाटीवर हात आडवा धरला. तळवा खाली, बोटं सरळ, शिकवल्याप्रमाणे.

"आगं घे की! मामाआज्याच्या हातचं न्हाय घेत व्हय?" आणि त्यांनी रश्श्याचं वगराळं कलतं केलं.

तिचा डावा हात वर निघाला. सुप्रिया उठली, पण मध्ये दोन माणसं बसलेली. सचिन भाकरीची बुट्टी घेऊन पार टोकाला उभा, तो तिथूनच बघत राहिला. आप्पा मामांच्या मागेच होते. त्यांनी एक पाऊल टाकलं, खाली वाकले आणि पोरीच्या आडव्या हातावर आपला आडवा हात ठेवला. वाफाळता रस्सा त्यांच्या हातावर पडला.

ज्या माणसाचं साधं बोलणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचं, त्या माणसानं हूं की चूं केलं नाही. मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं. पण आवाज केला असता तर पोरगी बिथरली असती, हे त्यांना त्या क्षणीही आठवत होतं.

"आरं आरं, भावजी! हात कशाला मधी घातला?" मामा ओरडले.

आप्पा इतक्या हळू बोलले की मला ते ओठांवरूनच समजलं. "तिनं घातल्याला हाय न्हवं आडवा. तुमास्नी दिसला न्हाय?"

मग नातीकडं बघून एकच शब्द म्हणाले, "पुरे." मामांची बादली त्यांनी दुसऱ्या हातानं मागे सारली. तिचा डावा हात तोंडाशी होता, ओठ विलग झालेले. मी मनात आकडे मोजायला लागले, पण कितीपर्यंत गेले ते आठवत नाही. अख्खी पंगत गप्प होती. कोल्हापूर जिल्ह्यात यात्रेच्या पंगतीत अशी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही. मग तो हात खाली आला. तोंडाला लागला नव्हता. तिनं आप्पांचा हात बाजूला केला, ताटातला भात गोळा केला आणि खायला लागली.

सचिन टोकाकडून चालत आला. त्यानं मामांच्या हातातली बादली घेतली आणि स्वतः वाढायला लागला. चौथ्या-पाचव्या पाहुण्यानं रीतीप्रमाणे हात आडवा केला. सचिन पुढं गेला. पाहुणा बघतच राहिला. "आरं, आग्रव तरी कर की जरा!"

सचिन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्यात हात आडवा घातला की थांबत्यात पावणं. माझ्या पोरीनं लावल्याली रीत हाय. पायजे आसंल तर सरळ मागा."

ज्या पोरीला दोन यात्रा लपवली, तिचं नाव त्यानं भावकीसमोर असं घेतलं. मला वाटलं, आक्का आता मान खाली घालतील. त्या भाताचं पातेलं घेऊन त्याच्या मागोमाग निघाल्या आणि म्हणाल्या, "मागून खावा की. लाजताय कशाला?"

त्या दिवशी कितीतरी पाहुणे अर्धपोटी उठले असणार. गावात वर्षभर त्यावर बोललं गेलं. मामांना फार वाईट वाटलं. ते आप्पांच्या हाताला बर्फ लावत बसले आणि मोठमोठ्यानं माफी मागत राहिले, शेवटी त्यांना हळू माफी मागा म्हणून सांगावं लागलं.

निघताना सचिन मला गाडीपाशी सोडायला आला. फॉर्म फाडला वगैरे काही नाही, तसं सिनेमात होतं. म्हणाला, "ऱ्हाऊ दे कपाटात. जूनला गावातल्याच शाळंत घालून बघतो. तिथल्या बाईंना तुमी येऊन सांगशीला न्हवं, हाताचं?" मी हो म्हटलं. सांगितलंही. ते वेगळं प्रकरण आहे, आणि सगळंच सुरळीत झालं असं नाही. प्रसादकडेही मी गेले. महिन्यातून दोनदा जात राहिले. चोविसाव्या वर्षी "नको" शिकणं फार जड जातं. अजून तो माझ्याकडे बघून, मला चालेल का याचा अंदाज घेऊन मग नको म्हणतो. ते माझं देणं आहे, फिटेल असं दिसत नाही.

पर्स आत राहिली म्हणून मी परत घरात गेले. पाहुणे पांगले होते. पुढच्या सोप्यात आरोही जमिनीवर पालथी पडून बाटल्यांची झाकणं ओळीनं लावत होती. आप्पा शेजारी बसले होते, उजव्या हाताला मलम, डावा हात तिच्या केसांवरून फिरवत होते. दिवसभराचं सगळं प्रेम त्या हातात आलं होतं. तिनं झाकणांवरची नजर न हलवता आपला तळवा आडवा केला.

आप्पांनी हात काढून घेतला. लगेच. आणि वीतभर मागे सरकून बसले.

मी विचारलं, "वाईट वाटलं का हो आप्पा?"

"वाटलं की," ते म्हणाले. "पर तिनं सांगितलं आन् म्या थांबलो. उभ्या जल्मात घरातल्या बाईमाणसाचं पयल्या सांगण्यात ऐकल्यालं ह्येच पयलं, बाई."

आत आक्का आणि सुप्रिया भांडी घासत होत्या. भांड्यांचा आवाज एकदम थांबला.